लाभ, दोन, तीन

सकाळी पावणेसातच्या सुमाराला आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली आणि तो पों-पों भोंगा, इथे गोव्यात, पेडण्यात, अर्धा गाव त्याच आवाजावर उठतो. दोन वर्षांपूर्वी, पाऊस उतरणीला लागला होता तेव्हाची गोष्ट. माझी लेक (घरात सगळे तिला बायच म्हणतात, मीही इथे तेच म्हणते) नुकतीच चार पूर्ण झाली होती आणि पन्नासपर्यंत धडाधड म्हणून दाखवायची, पाहुणे आले की आम्ही तिला म्हणायला लावायचो आणि सगळे टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी मी चहा टाकला होता म्हणून तिलाच म्हटलं, जा गं, पाच पाव घेऊन ये.

पोदेराने टोपली उघडली, विचारलं, "कितें जाय गो बाय?" ही म्हणाली पाच. तो म्हणाला, घे मगे तूंच. तिने फ्रॉकच्या ओच्यात मावतील तेवढे घेतले आणि पळत आली. आठ होते. मी विचारलं किती आणलेस, म्हणाली पाच. म्हटलं मोजून दाखव, तर एकेका पावावर बोट ठेवून अगदी बरोबर मोजले, एक, दोन, तीन, करत आठपर्यंत. मग किती झाले? तर परत पहिल्या पावापासून सुरू. परत विचारलं, परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "पाच?"

ते प्रश्नचिन्ह मला अजून ऐकू येतं. तिला पावांबद्दल काही सांगायचंच नव्हतं, मला काय ऐकायचंय ते ती शोधत होती.

आता हे वाचून कुणी म्हणेल चार वर्षांचं पोर ते, त्यात काय एवढं. पण माझ्या पोटात गोळा आला आणि त्याचं कारण जुनं आहे. मी चौथीत असताना सातचा पाढा मध्येच अडकला म्हणून मला अख्खा तास बाकावर उभं केलेलं, खाली सगळा वर्ग बसलेला, आणि तेव्हापासून आकडे समोर आले की माझे तळहात ओले होतात, आजही. दुकानात सुट्टे परत घेताना मी मोजत नाही, तसेच पर्समध्ये टाकते. म्हणून बाय पोटात असतानाच मी ठरवलं होतं की हिचं असं होऊ द्यायचं नाही. आणि मग त्या भीतीपोटी मी काय केलं, तर वर्कशीट प्रिंट करून आणली, मोबाईलवर अ‍ॅप घातलं, रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की वही घेऊन बसायचं आणि १ ते ५० लिहायचे, उलटा ३ लिहिला की खोडरबर, परत उलटा आला की परत खोडरबर, कागद फाटेपर्यंत. महिनाभर हे चाललं. एके दिवशी तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "आई, गणिताच्या वेळी तुझा चेहरा वेगळा असतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर मी ह्या विषयावर मिळेल ते वाचायला लागले आणि त्यात एक गोष्ट सापडली जी वाचून मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ अंगणात जाऊन बसले. २०१५ साली शिकागोच्या संशोधकांनी पहिली-दुसरीतली मुलं आणि त्यांचे आईबाप ह्यांच्यावर अभ्यास केला होता. ज्या आईबापांना स्वतःलाच गणिताची धास्ती आहे ते जर वरचेवर गृहपाठाला मदत करत असतील तर त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्षअखेरीला त्या मुलांनाच गणिताची धास्ती जास्त वाटायला लागली. आईबाप घाबरट असूनही गृहपाठात फारसे पडत नव्हते तिथे असं झालं नाही. म्हणजे माझा चेहरा. बाय बरोबर बोलली होती.

वही मी कपाटात ठेवून दिली. मदत करणं सोडायचं असं नाही वाटलं मला, पण मी घाबरत नाही अशा जागा शोधायला हव्यात हे कळलं. आणि मी कुठे घाबरत नाही? स्वयंपाकघरात, बाजारात, अंगणात. चार माणसांना किती तांदूळ, किती नारळाचा रस, बांगडे महाग पडले की स्वस्त, हे मी दिवसभर करतेच की, फक्त त्याला कुणी कधी गणित म्हटलं नाही.

त्या पावांचं कोडंही वाचताना सुटलं. आकडे ओळीने म्हणणं आणि 'किती' कळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९७८ मध्ये रोशेल गेलमन आणि गॅलिस्टेल ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मोजण्यामागचे नियम मांडले होते, एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, शेवटी जो आकडा येतो तोच एकूण, कशापासूनही मोजायला सुरुवात केली तरी चालतं आणि मोजायची वस्तू काहीही असू शकते. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ह्यात शिकण्यासारखं काय आहे असं वाटतं, पण बायला पहिले दोन येत होते आणि तिसरा यायचा होता, एवढंच. आठवर बोट थांबलं म्हणजे पाव आठ, ही उडी तिने अजून मारली नव्हती. आणि ही उडी मुलं कशी मारतात तेही कॅरन विन नावाच्या बाईंनी १९९० च्या सुमाराला बघून ठेवलंय. मुलाला म्हणायचं, मला तीन दे. आधी मुलाला फक्त एक कळतो, दोन मागा, तीन मागा, मूठभर मिळतं. मग काही महिन्यांनी दोन कळतो, मग परत काही महिन्यांनी तीन, आणि मग कधीतरी एकदम सगळे कळतात, चारही पाचही आठही, कारण तेव्हा मोजणं कशासाठी असतं तेच कळलेलं असतं. म्हणजे दोनवरून तीनवर यायला महिनेच्या महिने लागतात, आणि आम्ही पन्नासच्या टाळ्या वाजवत होतो.

मग मी रोज काहीतरी मागायला लागले. दोन कांदे दे. तीन चमचे दे. ताटं मांडताना, चार माणसं आहेत, प्रत्येकाला एक पेला. चुकलं तर चुकलं म्हणायचं नाही, जेवायला बसल्यावर आजोबांना पेला नसेल तर ते आपोआप कळतंच, आणि ती स्वतः उठून आणायची. तीनपर्यंतच्या वस्तू तर मोजाव्याही लागत नाहीत, नजर टाकली की कळतात, मोठ्यांना चारपर्यंत. म्हणून घाई न करता आम्ही बरेच दिवस तीन-चारातच राहिलो. तीन चिंचोके असे मांडले, तसे मांडले, दोन इकडे एक तिकडे, तरी तीनच.

चिंचोक्यांवरून एक आठवलं. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेचा तो प्रसिद्ध प्रयोग मी तिच्यावर करून पाहिला, सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी समोरासमोर, सारख्या आहेत ना, हो, मग तिच्यादेखतच एक ओळ ऐसपैस पसरवली. आता कुठे जास्त? तिने लांब ओळीवर बोट ठेवलं. मोजलेसुद्धा, दोन्हीकडे सहा, तरी म्हणते ही जास्त. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलं असंच म्हणतात, त्यात काळजीचं काही नाही. आधीची मी असते तर रोज पसरवून रोज समजावलं असतं. आता नुसतं म्हटलं, अस्सं? आणि चिंचोके डब्यात भरले.

आजोबा म्हणजे माझे सासरे, ते ह्या सगळ्यात कसे आले ते सांगते. आमच्याकडे पाडेली येऊन नारळ पाडून गेला की ते मागच्या अंगणात पाटावर बसतात आणि ढिगातला एकेक नारळ उचलून बाजूला टाकत मोजतात. आणि मोजताना पहिल्या नारळाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. त्यांचे वडील भात मापताना असंच म्हणायचे, पहिल्या मापाला लाभ, म्हणजे घरात आलेल्या धान्याची सुरुवात चांगल्या शब्दाने. बाय पहिल्यांदा ऐकत होती. तिने हात वर करून त्यांना थांबवलं. "आजोबा, एक कुठे गेला?"

आजोबांनी हातातला नारळ दाखवला. "हो पळय, हांगा आसा. नांव तेवढें लाभ."

ती कितीतरी वेळ विचार करत होती. मला वाटतं त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की आकडा आणि आकड्याचं नाव वेगळं असतं. वर्कशीटच्या ढिगाने हे मला शिकवता आलं नसतं.

आणि नावांचा प्रश्न आमच्या घरात आहेच. घरात मराठी, शेजारी आणि बाजारात कोंकणी, बालवाडीत इंग्रजी पोएम. सहा, स, सिक्स. नऊ, णव, नाईन. दहा, धा, टेन. त्यात आजोबा लिबरेशनच्या आधी, पोर्तुगीजांच्या काळात शाळेत गेलेले, त्यांना पोर्तुगीजमधलं उं, दोइश, त्रेश अजून येतं, ते तिला तेही शिकवतात. माझे बाबा सांगायचे विटीदांडू खेळताना ते वकट, लेंड, मुंड, नाल असं मोजायचे, आणि हे शब्द म्हणजे तेलुगू-कन्नडमधले एक दोन तीन चार आहेत हे मला फार उशिरा कळलं. मला आधी भीती वाटायची की ह्या सगळ्याने मुलीचा गोंधळ होईल. झाला नाही. उलट लाभनंतर तिला ह्याची मजाच वाटायला लागली, एकच नारळ आणि त्याला इतकी नावं.

गोंधळ झाला तो वीसच्या पुढे, आणि तो तिचा दोष नव्हता. सत्तावीस म्हणताना आपण सात आधी म्हणतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र २ आधी. म्हणून तिने ७२ लिहिले. आणि अठ्ठावीसच्या पुढे एक दिवस म्हणाली, "नऊवीस". मी हसले नाही, मला तिचं फार कौतुक वाटलं, कारण सगळी ओळ जशी चाललीय तसं नऊवीसच यायला पाहिजे, आपणच मध्ये एकोणतीस घुसवलाय, तिसाला एक कमी. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचायची पद्धत दिली होती, त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं होतं की जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची ही नावं लहान मुलांना अवघड जातात. तेव्हा मीही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले ते विनोद पुढे पाठवले होते. आता मला त्याचं वाईट वाटतं. एकदा आपल्या पोरीला ७२ लिहिताना बघितलं असतं तर पाठवले नसते.

तरी मी जुनी नावं सोडली नाहीत, आजोबांच्या तोंडची आहेत ती. पण सोबत वस्तू दिली. झावळ्यांचे हीर काढून केरसुणी वळतात त्यातले थोडे बाजूला ठेवले, विळीवर बोटभर लांबीचे कापले आणि दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. दोन जुड्या आणि सात सुटे, सत्तावीस. दोन जुड्या आणि नऊ सुटे, अजून एक आला की तिसरी जुडी बांधता येईल, म्हणून एकोणतीस. हे तिला बांधता बांधता पटलं. रबरबँड लावायला तिला इतकं आवडायचं की कधीकधी नुसत्या जुड्याच बांधत बसायची, आणि मी भाजी चिरत शेजारी.

खेळांचं पण सांगते. बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओट्याच्या, लाद्यांवर खडूने एका सरळ ओळीत दहा चौकोन काढले, १ ते १०, डावीकडून उजवीकडे. ही कल्पना माझी नाही, २००८ मध्ये सीगलर आणि रमाणी ह्या संशोधकांनी गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना असाच सरळ पट्टीचा खेळ दोन आठवड्यांत चार वेळा, दरवेळी पंधरा-वीस मिनिटं खेळवला आणि त्यांची आकड्यांची समज चांगलीच सुधारली. तशीच पट्टी पण आकड्यांच्या जागी नुसते रंग, तर काही फरक पडला नाही. ह्यात एक छोटी खुबी आहे. सोंगटी ४ वर आहे आणि दान दोनचं पडलं तर मुलं म्हणतात एक, दोन. तसं न म्हणता ज्या घरात पाय पडला त्याचं नाव घ्यायचं, पाच, सहा. आम्ही सोंगटीच्या जागी बायलाच उभी करतो. सापशिडी मी मुद्दाम जरा उशिरा काढली कारण तिथे ओळ एकदा उजवीकडे जाते आणि वरच्या रांगेत उलटी फिरते, लहान मुलाला आकडे कुठल्या बाजूला वाढतात तेच कळेनासं होतं.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाते तेव्हा जमेल तशी तिला नेते. मासळीच्या भागात बायका बारक्या मासळीचे वाटे लावून बसतात, एका ओळीत, आणि बाय वाकून बघते कुठला वाटा मोठा. मोजायचं नसतं तिथे, नुसत्या नजरेने ठरवायचं आणि तेही पटकन, आणि माझ्यापेक्षा तिची नजर बरी आहे असं मला हल्ली वाटायला लागलंय. बांगडे मात्र मोजूनच. एकदा शंभराला पाच दिले तर ही म्हणाली, मागल्या शुक्रवारी सहा होते. ती बाई हसली, म्हणाली, "वादळ आसा बाय, बोटी वचूंक नात," आणि मग घरी येईपर्यंत बसमध्ये आम्ही त्याच्यावरच बोलत होतो, बोटी गेल्या नाहीत तर मासे कमी का, कमी मासे तर पैसे जास्त का. घरी आल्यावर पाच बांगडे आणि चार माणसं. आजोबा म्हणाले मला अर्धा पुरे, तिचे बाबा म्हणाले मला दीड. बाकीचे तिने वाटले. अर्धा म्हणजे शेपटीकडचा की डोक्याकडचा ह्याच्यावर भांडण झालं, आणि दोन तुकडे सारखे असले तरच त्यांना अर्धं म्हणायचं हे त्या भांडणातून निघालं.

सगळे दिवस असे जात नाहीत. कधी तिला मोजायचंच नसतं, काजूच्या दिवसांत आजोबांबरोबर बिया वेचायला जाते आणि म्हटलं किती मिळाल्या तर सरळ सांगते, "खूप." मग खूप. मी पाठीस लागत नाही. निपुण भारत म्हणून केंद्राची जी योजना २०२१ च्या जुलैत सुरू झाली तिच्यातसुद्धा वाचन आणि साधी आकडेमोड यायला तिसरी संपेपर्यंतचा वेळ धरलाय, आणि माझ्या ओळखीच्या आया बालवाडीतल्या पोरांना ट्यूशनला घालतायत. मला त्यांच्यावर रागवता येत नाही, त्यांच्या डोळ्यांत मला तो बाक दिसतो. पण जमलं तर त्यांचा हात धरून सांगावंसं वाटतं, थोडे दिवस वही ठेवून द्या गं.

यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बाय सहाची झालेली. आदल्या दिवशी माटोळी बांधायचं काम आजोबांचं, गणपतीच्या वर टांगायची लाकडी पट्ट्यांची ती चौकट, आडव्या-उभ्या पट्ट्यांनी पडलेले चौकोन, आणि तिला नारळ, सुपारीची शिपटां, तवशीं, चिबूड, आंबाडे, तोरिंजन, रानातून आणलेली कवंडळं बांधायची. आजोबांना हल्ली शिडीवर चढवत नाही म्हणून माझा नवरा वर, आजोबा खाली खुर्चीत बसून सांगतायत आणि बाय एकेक वस्तू देतेय. "दोनूय कुशींनी सारकें जाय," आजोबांचं पालुपद. डाव्या कोपऱ्यात नारळाची जोडी तर उजव्या कोपऱ्यात नारळाची जोडी, नाहीतर चौकट एका बाजूला कलते. चिबूड एकच मोठा होता, तो कुठे लावायचा? बाय खाली जमिनीवर उताणी झोपली आणि वर बघत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, बरोब्बर मध्ये, म्हणजे दोन्हीकडचा होईल. तो तिथेच लागला.

संध्याकाळी उरलेले नारळ मागच्या पडवीत ओतले होते, पाच दिवसांच्या नैवेद्याला पुरतील की आणखी आणायचे ते बघायचं होतं. आजोबा दमून बसले होते, म्हणाले बाय, तूच मोज. ती फ्रॉक आवरून ढिगासमोर बसली. पहिला नारळ दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. लाभ. दोन. तीन. मी नेवऱ्यांचं सारण ढवळत दारातून बघत होते. चौदावर होती तेव्हा शेजारची काकू आली आणि मी तिच्याशी बोलायला लागले, तर बायने मान न वळवता तळहात माझ्याकडे करून मला गप्प केलं, पंधरावा नारळ बाजूला ठेवला आणि पुढे मोजायला लागली.